मठाचं पाणी

"अव्वा, चपला काढ की. इथली रीत हाय," कल्याणप्पा हळूच म्हणाला.

"का? देऊळ हाय का हे?" इरम्मानं पदर नाकाला लावला आणि चपलांसकट भट्टीच्या दारातून आत पाऊल टाकलं.

मागं कुणीतरी हसलं. कल्याणप्पा मान खाली घालून पुढं झाला.

निजामाच्या काळातली ही दारूची भट्टी गावानं आजवर बाहेरूनच पाहिली होती. उंच दगडी भिंत, काळवंडलेलं धुराडं आणि मोहाच्या फुलांचा वास, एवढीच तिची ओळख. पुढं सहकारी साखर कारखान्यानं ती घेतली. मळीपासून स्पिरिट काढायची नवी यंत्रं मागच्या बाजूला बसवली. जुनी भट्टी होती तशीच ठेवली, आणि आज पहिल्यांदा तिचं दार लोकांना बघण्यासाठी उघडलं. धाराशिवहून, कळंबहून एसटीनं माणसं आली होती.

इरम्मा बघायला आली नव्हती. ती निकाल द्यायला आली होती. लेक इथं कामाला लागल्यापासून तिनं त्याचं ताट वेगळं केलं होतं. गळ्यात लिंग बांधणाऱ्या घरात भट्टीची भाकरी चालायची नाही, असं तिचं म्हणणं. शेवटी कल्याणप्पाच म्हणाला होता, "एकदा तुझ्या डोळ्यांनी बघ. मग सोड म्हणालीस तर सोडतो."

आत मधोमध माणूस बुडेल एवढा तांब्याचा हंडा होता. त्याचं झाकण मातीनं लिंपलेलं. झाकणातून एक वाकडी नळी निघून पाण्याच्या हौदात शिरलेली आणि पलीकडून बाहेर आलेली. हंड्याखाली जाळ होता आणि जाळाशी हरिबा बसला होता. बौद्ध वस्तीतला हा म्हातारा तरणा होता तेव्हापासून हाच जाळ सांभाळत आला होता. गावात कुणाच्या दारी पाणी मागितलं, तर त्याला ओंजळ धरून बसावं लागे, आणि पाणी वरून पडे. इरम्माच्या दारीही तसंच.

"नुसतं बघायचं, का चाखायचं बी?" कळंबच्या एका पाहुण्यानं विचारलं.

"आज हंड्यात विहिरीचं पाणी हाय," कल्याणप्पा म्हणाला. "अबकारीच्या साहेबांनी तेवढीच परवानगी दिली."

"मग एसटीचं भाडं बुडालं म्हणा की!"

सगळे हसले. इरम्मा हसली नाही.

कल्याणप्पा समजावून सांगू लागला. "भात शिजताना झाकणाला घाम येतो. तो घाम म्हणजे वाफेचं परत झालेलं पाणी. इथं बी तेच. जाळानं वाफ होते. वाफ नळीतून जाते. हौदात नळी गार पडली की वाफेचं पाणी होतं आणि पलीकडं ठिबकतं. खार, गाळ, घाण, सगळं मागं हंड्यातच ऱ्हातं."

नळीखाली साठलेलं पाणी त्यानं सगळ्यांना दिलं. एक फुलपात्र आईपुढं धरलं. उन्हातून चालत आलेल्या इरम्माचा घसा कोरडा पडला होता. तिनं ते घेतलं, ओठाशी नेलं आणि थांबली. मग एक घोट प्याली.

पाणी कोमट होतं. बेचव होतं. आणि त्याला पुसटसा गोड वास होता.

नाकावरचा पदर कधी गळला, ते तिला कळलं नाही.

"मठाचं पाणी इथं कसं आलं?" तिनं विचारलं.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या होत्या. तळाशी उरलेलं खारट, गढूळ पाणी पिऊन घरोघर हगवण लागली. लहानगा कल्याणप्पा डोळे उघडेनासा झाला. तेव्हा मठाची बैलगाडी पिंपं भरून पाणी आणू लागली. असंच कोमट, असंच बेचव. वास तेवढा गोड. देवाला वाहिलेल्या फुलांचा वास, असं गाव म्हणे. तेच पाणी चमच्याचमच्यानं पाजून इरम्मानं लेक परत मिळवला होता. तेव्हापासून दर सोमवारी ती मठाच्या उंबऱ्यावर घागरभर पाणी ओतत आली होती.

हरिबानं जाळात एक लाकूड सारलं.

"गाडी मठाची व्हती, अक्का. पाणी इथलं. त्या साली मोहाची फुलं आली न्हाईत, भट्टी थंडच व्हती. लाकडं पडून व्हती. म्या विहिरीचं खारं पाणीच हंड्यात घातलं. हंडा लई घासला, पर फुलांचा वास काय गेला न्हाय."

"आन् मठाच्या स्वामींनी आमाला सांगितलं न्हाय?"

"म्याच नगं म्हणलो. दारूच्या भट्टीचं पाणी, त्यात माज्या हातचं. कोण प्यालं असतं?"

नळीतून थेंब पडत राहिले. कल्याणप्पा हरिबाकडं नुसता बघत राहिला. रोज याच्याशेजारी बसून तो काम करत होता, आणि म्हातारा एका शब्दानं बोलला नव्हता.

इरम्मानं फुलपात्र लेकाच्या हातात दिलं आणि ती दाराकडं निघाली.

"अव्वा," कल्याणप्पा कासावीस होऊन म्हणाला, "सोडू का मग?"

दाराशी जाऊन ती वाकली. चपला काढून तिनं इतरांच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवल्या. मग अनवाणी परत आत आली, हरिबापुढं खाली बसली आणि दोन्ही हातांची ओंजळ धरून म्हणाली, "घाल, दादा."