चोरांनी नेलं
पडक्या चर्चचा इतिहास विचारत त्या बाई आमच्या अंगणात आल्या, तेव्हा सासऱ्यांना हुरूपच आला. चर्च कोणी बांधलं, शेवटचे पाद्री कधी निघून गेले, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं.

"आणि आतल्या वस्तू?"

"चोरांनी धुऊन नेल्या हो! बाकं, दारं, काही सोडलं नाही. देवाच्या घरात हात घालताना लाज वाटली नाही लेकाच्यांना!"

"आत शिरल्यावर एक दगडी कुंड होतं म्हणे. त्यातलं पाणी कपाळाला लावून माझ्या आईचं नाव ठेवलं होतं."

सासऱ्यांच्या मागेच गोठ्यात मी बादली घेऊन उभी होते. अर्धं पाणी त्या कुंडात ओतून झालं होतं आणि आमचं नवं वासरू घटाघटा पीत होतं.

बाई उठून आल्या, वासराशेजारी उकिडव्या बसल्या. कुंडाच्या कडेवरून त्यांनी हात फिरवला. आता काय ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी मान खाली घातली.

त्यांनी पाण्यात बोटं बुडवली, वासराच्या कपाळावर टेकवली आणि सासऱ्यांना विचारलं, "याचं नाव काय ठेवलंत?"