फ्लॉपी मागणारा प्रोग्राम

"ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घाला," असं स्क्रीनवर पुन्हा उमटलं, तेव्हा काकूंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा तेच बटण दाबलं.

पेनड्राइव्ह कोरा करकरीत होता, पण प्रोग्राम त्याला ओळखच देईना. घरखर्च लिहायचा तो प्रोग्राम जुन्या काळातला. बॅकअप म्हणजे फ्लॉपी, एवढंच त्याला ठाऊक. घरातली शेवटची फ्लॉपी नुकतीच वाचेनाशी झाली होती. कॉम्प्युटरचा पंखा तर असा घरघरत होता की शेजारीण विचारून गेली, मिक्सर बिघडलाय का.

मुलगा दारात उभा राहून बघत होता. भंगारवाल्याला बोलावतो, असं तो कितीदा म्हणाला होता. मोबाइलवर ॲप आहे, त्यात सगळं आपोआप होतं, हेही सांगून झालं होतं. आज तो जरा हळू आवाजात बोलला.

"आई, बाबा गेले. तो विषय संपला. आता त्या डबड्यातून काय उकरून काढणार आहेस?"

"डबडं माझ्या खोलीत आहे," काकू म्हणाल्या. "तुझ्या डोक्यावर नाही."

तो तोंड पाडून निघून गेला.

प्रोग्राम मुळात नवऱ्याचा. त्यांनीच आणला, त्यांनीच बसवला. काकूंनी कीबोर्डवरची धूळ पुसलेलीही त्यांना खपत नसे. तुला नाही जमायचं, म्हणायचे. ते गेले तेव्हा मुलगा कॉलेजात होता आणि घराचं कर्ज अर्धंअधिक बाकी होतं. पहिला हप्ता भरून आल्यावर काकू त्या खुर्चीत बसल्या. एक ओळ लिहायला त्यांना दुपार पुरली नाही. पण लिहिली. मग शाळेच्या ऑफिसातला पगार, संध्याकाळच्या शिकवण्या, मुलाची फी, घराचे हप्ते, सगळं त्याच पडद्यावर उतरत गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि टॅक्सीत घालून बाजारात नेला. पहिल्या दुकानातला विक्रेता हसला. आजी, हा संग्रहालयात द्या, म्हणाला आणि नव्या लॅपटॉपची किंमत सांगू लागला. काकूंनी चादरीची गाठ पुन्हा मारली.

मागच्या गल्लीत एका बाईचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिने चादर सोडली, पंखा ऐकला आणि आधी तो साफ केला. नुसत्या फाइली उचलून नेल्या तर त्या दुसरीकडे उघडत नाहीत, हे तिने करून पाहिलं. प्रोग्रामला त्याने स्वतः घेतलेला बॅकअपच हवा होता.

काम करता करता तिने विचारलं, "काका कधी गेले?"

"मुलगा कॉलेजात होता तेव्हा."

"अचानक?"

"अगदी अचानक. सकाळी चहा घेतला, पेपर चाळला आणि गेले. एक शब्द बोलले नाहीत."

दुरुस्तीवालीचे वडीलही असेच गेले होते, असं ती म्हणाली. काकूंनी मान हलवली.

कॉम्प्युटरमधली फ्लॉपीची जागा तिने बंद केली आणि पेनड्राइव्हलाच ए ड्राइव्ह असं नाव दिलं. प्रोग्राम फसला. पण लगेच नवी तक्रार आली, की डिस्क भरलेली आहे. कोरी डिस्क भरलेली कशी? दुरुस्तीवाली बराच वेळ हनुवटी खाजवत राहिली.

"काकू, एवढी मोकळी जागा ह्याने कधी पाहिलेलीच नाही," ती शेवटी म्हणाली. "मोजता मोजता आकडा उलटा फिरतो आणि ह्याला वाटतं, जागाच नाही. आज राहू द्या. अगदीच नाही झालं तर स्क्रीनचे फोटो काढू."

"फोटो नकोत. कोणीही म्हणेल, जुळवून काढले. हाच प्रोग्राम, हाच हिशेब, माझ्यासमोर उघडला पाहिजे. मी बसते."

त्या स्टुलावर बसल्या. मुलाचा फोन दोनदा आला, त्यांनी उचलला नाही.

दुरुस्तीवालीने पेनड्राइव्हवरच्या जागेचा एक छोटासा तुकडा पाडून तेवढाच प्रोग्रामसमोर ठेवला. पडद्यावर पट्टी सरकू लागली. अर्ध्यावर अडली, तेव्हा काकू उठून उभ्या राहिल्या. मग ती पुन्हा सरकली आणि टोकाला पोचली. दुकानातल्या लॅपटॉपवर तिने बॅकअप उघडून दाखवला. पहिली ओळ, शेवटची ओळ, मधले सगळे हप्ते. एक प्रत इंटरनेटवरही ठेवली, म्हणजे कॉम्प्युटर काय, घर बुडालं तरी हिशेब राहील. पैसे घ्यायला ती तयार नव्हती. काकांची आठवण आहे, म्हणाली. काकूंनी नोटा तिच्या हातात कोंबल्या.

"काम केलंस, पैसे घे. आठवणीबिठवणीचं मला सांगू नकोस."

बुधवारी काकू वकीलबाईंच्या ऑफिसात वेळेआधी पोचल्या. टेबलावर त्यांच्या लॅपटॉपवर काकूंचा हिशेब उघडलेला होता. वकीलबाईंनी हप्त्यांच्या ओळी बँकेच्या पावत्यांशी ताडून पाहिल्या आणि समाधानाने मान हलवली. समोरच्या पक्षाचं म्हणणं त्यांनी पुन्हा सांगितलं. घर आम्हीच उभं केलं, हप्ते आम्हीच पाठवत होतो, म्हणून आता ते विकून अर्धा वाटा द्यावा. तडजोड केलीत तर लवकर सुटाल, असंही त्या म्हणाल्या.

"मला सुटायचं नाहीये," काकू म्हणाल्या. "मला घरात राहायचंय."

दार वाजलं. आधी मुलगा आत आला. त्याने आईकडे पाहिलं नाही. त्याच्या दंडाला धरून, काठी टेकत एक पांढऱ्या केसांचा माणूस आत आला आणि टेबलापाशी घुटमळला.

काकूंनी समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बसा, अहो," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यापासूनचा सगळा हिशेब आणलाय."