चोविसावी डिस्क

सकाळपासून नंदाबाई एकच फरशी झाडत होती. झाडू आपला नावाला, डोळे सगळे धर्मराजच्या हातांवर. भोकरदनच्या त्या खाजगी दवाखान्यातली कॉम्प्युटरची खोली आज कायमची बंद होत होती. पेशंटची माहिती म्हणे आता दुसरीकडेच साठवतात, इथं कुलूप. राहिल्या होत्या मशीनमधल्या चोवीस डिस्क. त्या निकामी करायला हा माणूस जालन्याहून ड्रिल मशीन आणि रबरी हातमोजे घेऊन आला होता. एकेका डिस्कला आरपार तीन भोकं पाडायची, यादीतला नंबर खोडायचा, डिस्क पोत्यात टाकायची. पोतं मग जालन्याच्या भट्टीत.

"बाहेरचा माणूस आहे, नजर ठेवा," असं मॅनेजर भागवत साहेबांनी सकाळीच तिच्या कानात सांगितलं होतं. "एखादी डिस्क बाजूला सारून विकली, की कोणाला काय आजार ते गावभर. तुमच्या शीतलचे रिपोर्ट बी ह्याच्यातच हायेत, नंदाबाई."

एवढं पुरे होतं. शीतलला लहानपणी फिट यायच्या. औषधं इथलीच, आणि तीन वर्षांत एकही फिट आली नव्हती. आता टेंभुर्णीचं स्थळ जुळलं होतं. होणाऱ्या नवऱ्याला पोरीनं स्वतः सगळं सांगितलं, तरी तो हो म्हणाला. भला माणूस. पण बाकीच्या टेंभुर्णीची तोंडं कोण धरणार? नंदाबाईला त्या तोंडांचीच धास्ती होती.

त्यामुळे धर्मराज नुसता खोकला तरी तिला संशय येई. तो पाणी प्यायला गेला, ही मागोमाग. फोनवर बोलला, हिचे कान तिकडे.

"मावशी," शेवटी तो म्हणाला, "कवापासून तुम्ही तीच फरशी झाडून राह्यल्या."

"घाण लई हाय हितं," ती म्हणाली.

भागवत साहेब तेवढे खुर्चीत निवांत बसून होते, मांडीवर चामड्याची बॅग. "मी कशालाच हात लावत न्हाई बुवा," असं ते दोनदा बोलले. "उद्या कोणी माझ्याकडं बोट दाखवायला नको."

धर्मराजनं चोविसावी डिस्क ड्रिलखाली धरली आणि नंदाबाई झाडू टाकून पुढं झाली.

"थांब. ही आमची न्हाई."

त्यानं डिस्कवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा नंबर वाचला, यादीशी ताडून पाहिला. "बराबर हाय की, मावशी."

"नंबर मला कळत न्हाई. हिचं कुकू कुठंय?"

दसऱ्याला या खोलीची पूजा नंदाबाई करायची, गेली अकरा वर्षं. एकेका डिस्कच्या तोंडावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं एकेक बोट. एकही कोरी सोडायची नाही, हा तिचा नेम. दसरा होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. पोत्यात गेलेल्या तेवीसच्या तेवीस डिस्कवर तिचं लाल बोट तिनं पाहिलं होतं. हिच्यावर काहीच नव्हतं.

"पुसलं असंल," साहेब म्हणाले.

"तेलातलं कुकू पुसलं तरी डाग ऱ्हातो, साहेब." ती धर्मराजकडे वळली. "पिशवी दाखव तुझी."

त्याचं तोंड उतरलं. पण तो एका शब्दानं उलटला नाही. त्यानं पिशवी टेबलावर पालथी केली. डबा, टॉवेल, ड्रिलची दोन जादा पाती, चष्म्याचं घर. मग न सांगताच खिसे उलटे केले. हातमोजे काढून दोन्ही तळवे तिच्यापुढं धरले. स्वच्छ. नंदाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कामावर आलेल्या माणसाची आपण चोरासारखी झडती घेतली.

"झालं ना समाधान?" साहेब उठून उभे राहिले. "मारा हिला भोकं. आणि तो दाखला आणा इकडं, सही करून टाकतो. जल्दी करा, मला निघायचंय."

धर्मराजनं भोकं पाडली, डिस्क पोत्यात टाकली आणि ड्रिलची वायर बोर्डातून काढली. दाखला टेबलावर ठेवला. 'चोवीसही डिस्क माझ्या डोळ्यांदेखत नष्ट केल्या' असं त्यावर छापलेलं होतं. साहेबांनी पेनासाठी बॅगेत हात घातला. पेन लवकर हाती लागेना. आतलं काहीतरी बाजूला सारून त्यांनी ते काढलं, कागद डाव्या हातानं दाबून धरला आणि सही ठोकली.

नंदाबाई खाली मान घालून लोखंडाचा भुगा भरत होती. सुपली घेऊन ती टेबलापाशी वाकली आणि तशीच राहिली. सहीच्या शेजारी कागदावर एक बोट उमटलं होतं. लाल, तेलकट, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावतात तसं.

तिनं साहेबांच्या हाताकडे पाहिलं. मग बॅगेकडे.

"साहेब," ती म्हणाली, "कागदाला कुकू लागलं."

साहेबांनी हात खिशात घातला. धर्मराजनं वायर परत बोर्डात खोचली, सावकाश हातमोजे चढवले आणि साहेबांच्या बॅगेपुढं हात पसरला.