काळं पडलेलं कडं

"काढ ते कडं," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेला हाताला धरून त्यांनी सोनाराच्या दुकानात बसवलं.

चांदीचं कडं तव्याच्या बुडासारखं काळं पडलं होतं. तेच घालून सासूबाईंनी चाळीस वर्षं खाडीच्या चिखलातून शिंपल्या काढल्या, तेव्हा कधी डाग पडला नव्हता. मग गुडघ्यांनी दावा साधला, त्या घरी बसल्या, आणि टोपली न् कडं दोन्ही सुनेकडे गेली. दोनच वर्षांत हे! अस्सल चांदी अशी काळी ठिक्कर पडते होय? बाईनं मूळचं विकून खोटं घातलं, दुसरं काय! हल्ली टोपलीही अर्धीच घरी यायची. कुठंतरी पाणी मुरत होतं खास.

"आई, मी काही केलं नाही हो," सून चौथ्यांदा म्हणाली.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? खोटं निघालं तर इथूनच माहेरची वाट धर."

मुलगा आपल्या शब्दाबाहेर नाही, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. सुनेलाही होतं.

सोनारानं कडं कानशीनं जरासं घासलं, वर तेजाबाचा थेंब सोडला आणि भिंग लावून बघत बसला. फारच वेळ लावला मेल्यानं. हाही हिला सामील तर नाही?

"अस्सल आहे," तो म्हणाला.

"मग काळं कसं पडलं? मला शिकवतोस?"

"चिखलानं, मावशी. खाडीच्या तोंडाशी बांध घातल्यापासून आत भरतीचं पाणी खेळत नाही. चिखल कुजतो, सडक्या अंड्यासारखा वायू सुटतो. त्यानंच चांदी काळी पडते." त्यानं भिंग खाली ठेवलं. "या महिन्यात सुनेला घेऊन आलेल्या तुम्ही नवव्या सासूबाई."

सासूबाई सुनेकडे वळल्या. "आणि शिंपल्या?"

"निम्म्या मेलेल्याच निघतात. मी सांगत होते, आई. तुम्ही म्हणालात, चोराच्या उलट्या बोंबा."

सासूबाईंना तिच्याकडे बघवेना. त्या चिखलावर त्यांनी तीन मुलं वाढवली होती. आजही घरात दुसरी कमाई नव्हती.

त्यांनी कडं उचलून स्वतःच सुनेच्या हातात चढवलं.

"खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं गं," त्या म्हणाल्या.