चिकूचं झाड

दवाखान्यात काविळीच्या निळ्या दिव्याखालून काढली, तरी वृंदाची तान्ही लेक हळदीसारखी पिवळी दिसत होती. "गरोदरपणी आंबे हादडलेस, भोग आता!" सासूबाई सकाळपासून तेच उगाळत होत्या.

"आंब्यांचा काय संबंध?" डॉक्टरीणबाई करवादल्या. "रक्तपेशी फुटताहेत. हा आजार आईबापाकडून येतो. तुमच्यापैकी कुणाची ऑपरेशन करून प्लीहा काढलीय?"

नवरा फरशीकडे बघू लागला. वृंदानं उठून त्याचा शर्ट वर केला. डाव्या कुशीत लांबलचक व्रण होता.

"तुम्ही तर म्हणाला होतात, चिकूच्या झाडावरून पडलो!"

"आईनं तसं सांगायला लावलं," तो पुटपुटला.

शिसारी येऊन तिनं हात गाऊनला पुसले.

डॉक्टरीणबाई बाहेर जाताच सासूबाई जवळ सरकल्या. "हिचंही ऑपरेशन करावं लागलं, तर घाबरू नकोस. हिच्याही लग्नात सांगू, झाडावरून पडली म्हणून."