तोंडावर मारायचं नाही

"तुम्ही फक्त हराम म्हणा, आहोंग. एक शब्द. तो आईचं ऐकत नाही, माझं तर नाहीच नाही. तुमचं ऐकतो."

मिनयुए मशिदीच्या पायरीशी उभी होती. आत यायला कुणी मनाई केली नव्हती, पण तिचे पायच पुढे होत नव्हते. दिंग आहोंग, म्हणजे चीनमधल्या मंगत्सुनच्या या मशिदीचे इमाम, जुम्म्याची नमाज पढवून नुकतेच बाहेर आले होते. मागे अंगणात पोरांचा सराव सुरू झाला होता. याच अंगणात आहोंगांनी तिच्या धाकट्या भावाला, शा लेइला, मूठ वळायला शिकवलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी इथेच शिकवलं होतं.

"अंग कमावणं हराम कसं म्हणू, पोरी?" आहोंग म्हणाले. "मी त्याला एवढंच बजावलं होतं, तोंडावर मारायचं नाही. पैगंबरांनीच सांगून ठेवलंय ते."

"तेच तर." मिनयुए हसली, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. "तुम्ही बजावलंत आणि त्याने खूणगाठ बांधून ठेवली. तो कुणाच्या तोंडावर मारत नाही. समोरचे त्याच्या मारतात."

लेइ खेळायचा त्या सांदाच्या, चिनी मुष्टियुद्धाच्या, सामन्यात ठोसा, लाथ, उचलून आपटणं, सगळं चालतं. लेइ आपटण्यात वस्ताद होता आणि तेवढ्यावर तो कितीतरी सामने जिंकला. मग तो तोंडावर मारत नाही हे सगळ्यांना कळलं. आता समोरचा गडी स्वतःचं तोंड राखायच्या भानगडीतच पडत नाही. दोन्ही हात मोकळे सोडतो आणि मारत सुटतो. अशा वेळी एक ठोसा पुरला असता. पण लेइ तो मारत नाही.

आहोंग पायरीवर खाली बसले. "ते मी लहान पोरांना सांगत होतो. एकमेकांची नाकं फोडू नयेत म्हणून."

"तोही लहानच होता की तेव्हा."

आहोंगांनी मागे वळून अंगणातल्या पोरांकडे पाहिलं.

"परवा मला आई समजून हाक मारली त्याने," मिनयुए म्हणाली. "जेवता जेवता घास हातात धरून बसून राहतो. डॉक्टरकडे चल म्हटलं की उठून जातो. उद्या त्सांगझोउला सामना आहे. जिंकला तर प्रांताच्या संघात घेणार आहेत म्हणे. आहोंग, मला जिंकलेला भाऊ नको. नुसता भाऊ पाहिजे."

आहोंग पुरते कात्रीत सापडले. हराम म्हणावं तर ते खोटं, आणि मशिदीच्या दारात बोललेलं खोटं. शिवाय मग हे अंगण, वडील, त्यांचे वडील, सगळेच गुन्हेगार ठरत होते. न म्हणावं तर पोरगा हातचा जात होता.

तेवढ्यात लेइच आला. खांद्यावर पिशवी होती, भुवईवर टाके होते. बहिणीला पाहताच तो समजला.

"ताई, इथवर आलीस? आता आहोंगांचं डोकं खाणार?"

"तू गप्प बस," मिनयुए म्हणाली.

आहोंग उठून त्याच्यासमोर उभे राहिले. "लेइ, उद्या समोरच्याच्या तोंडावर मार. मी परवानगी देतो."

"तुम्ही कोण देणार?" लेइ आदबीनेच म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात, हे माझं सांगणं नाही, पैगंबरांचं आहे. ते मागे घेणं तुमच्या हातात आहे का?"

नाही, ते त्यांच्या हातात नव्हतं. आणि हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. आपलाच चेला आपल्याला असं आपल्याच शब्दांत पकडील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मग खेळू नकोस."

"खेळ हराम आहे?"

"शरीर आपलं नसतं, लेइ. सांभाळायला दिलेलं असतं. त्याची नासाडी होत असेल तर हराम आहे. तुझ्यापुरता तरी आहे."

मिनयुएने डोळे मिटले. हाच तो शब्द होता.

लेइने मान हलवली. "नासाडी होत असेल तर ना? कबूल. अगदी कबूल, आहोंग. पण मला काही झालेलंच नाही. ही उगाच रडते. थोडं डोकं दुखतं, ते कुणाचं दुखत नाही? तुम्ही माझ्याकडे नीट बघा आणि सांगा, काय झालंय मला?"

आहोंगांना राग आला. त्याचा आला, स्वतःचा आला, कुणाचा ते त्यांनाही कळलं नाही. उभ्या जन्मात त्यांनी शिष्याच्या तोंडावर हात उगारला नव्हता. आज त्यांची उजवी मूठ वळली आणि बाजूने वेगात गेली. सवयीच्या हाताने ती लेइच्या डाव्या डोळ्यापाशी, बोटभर अलीकडे थांबवली.



लेइची पापणी हलली नाही. मानही हलली नाही. तो सरळ आहोंगांच्या चेहऱ्याकडे बघत होता, जिंकत आलेल्या माणसासारखा किंचित हसत होता.

आहोंगांनी त्या डाव्या डोळ्यासमोरच मूठ उघडली आणि बोटं हलवून पाहिली; लेइची नजर तिकडे वळली नाही.

"बोला ना," लेइ म्हणाला. "गप्प का झालात?"