भाडेकरूसकट फ्लॅट

नवनाथनं बोटांवरचं रक्त रुमालाला पुसलं आणि खुर्चीत टेकत विचारलं, "म्हंजे वीस टक्के आपल्याच खिशातले?"

"कमीत कमी," एजंट भाग्यश्री म्हणाली. रक्ताकडे तिनं पाहिलं नाही. चाकण-मोशी भागात जागांचे व्यवहार करायचे तर असल्या गोष्टींकडे पाहून चालत नाही. "बँक ऐंशी टक्के देईल. स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी, माझं कमिशन, सोसायटीची फी, ह्याला कर्ज नाही, भाऊ. नवा माणूस फसतो तो इथंच."

"आन हप्ता?"

"घरात भाडेकरू असो-नसो, महिन्याला जाणारच."

नवनाथचा धंदाच मुळी भाडेकरू हुसकावण्याचा. मालक फ्लॅटचा नंबर सांगायचा, हा जायचा आणि संध्याकाळी सामान टेम्पोत चढायचं. भाडेकरूचं नाव तो कधी विचारत नसे, आधी घर बघायलाही जात नसे. ओळख झाली की हात उचलत नाही, हे त्याचं धंद्यातलं शहाणपण. पण आता चाळिशी आली होती आणि या कामाची त्याला मनापासून शिसारी आली होती. एक फ्लॅट घ्यावा, घरबसल्या भाडं यावं आणि पुन्हा कुणाच्या अंगावर हात टाकावा लागू नये, एवढंच त्याला हवं होतं.

पिंपळे सौदागरचा फ्लॅट सगळ्यात स्वस्त होता. कारण भाग्यश्रीनं लपवलं नाही. करार संपून वर्ष झालं तरी आतला भाडेकरू हलत नव्हता.

नवनाथ पोट धरून हसला.

कर्ज बायकोच्या नावावर काढायचं होतं. करिष्मा चाकणच्या एका कंपनीत कामाला होती. तिच्याकडे पगाराची स्लिप होती, ह्याच्याकडे नुसता दरारा, आणि दराऱ्यावर बँक कर्ज देत नाही. शिवाय बाईच्या नावानं घेतलं की स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का वाचतो. म्हणून घर बघायलाही तीच गेली. परत आल्यावर तोंडाला बांधलेला स्कार्फ तिनं बराच वेळ सोडला नाही.

"हाच घेऊ," ती म्हणाली.

"सकाळी तर मोशीचा म्हणत हुतीस. भाडेकरूची कटकट नको म्हणं."

"अहो, त्या माणसाला तुम्ही माराल?"

"सरळ गेला तर न्हाई."

"तो सरळ जाणारा नाही." तिनं हातातल्या पाटल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. तिच्या आईनं, छबूबाईंनी, लग्नात घातल्या होत्या. छबूबाई देहूला भावाकडे राहायच्या. कन्यादानही मामानंच केलं होतं. वडील नाहीत, एवढं सांगितलं गेलं आणि नवनाथनं पुढं विचारलं नव्हतं.

व्यवहार झाला. पहिल्याच हप्त्यात करिष्माचा निम्मा पगार गेला. भाडेकरू बसलेलाच. असंच चाललं तर बँक फ्लॅट घेऊन जाणार आणि पाटल्याही बुडणार.

रविवारी दुपारी नवनाथ गेला. दार उघडलं ते साठीच्या, दणकट बांध्याच्या माणसानं. नवनाथ आधी नीट बोलला. म्हाताऱ्यानं आईवरून शिवी हासडली आणि दारामागची काठी त्याच्या कानावर घातली.

मग नवनाथ थांबला नाही. पहिल्या ठोशात नाक फुटलं. काठी हिसकताना मनगट पिरगळलं आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. तरी तो चावायला धावला, तसं नवनाथनं त्याचं तोंड फरशीवर आपटलं. शेजारचं दार किलकिलं झालं आणि लगेच मिटलं. म्हातारा रांगत लिफ्टपर्यंत गेला. त्याच्यामागून कपडे, भांडी, गादी बाहेर आली.

नवनाथनं मोरीत रक्ताचे हात धुतले. हे शेवटचं, त्यानं स्वतःला बजावलं.

घरी करिष्मानं त्याच्या फुटलेल्या कानाला हळद लावली.

"गेला?"

"गेला. मनगट मोडलं त्याचं. लई वाईट वाटलं गं. शेवटी हात जोडून रडत हुता."

"खरंच रडला?"

"मग काय, खोटं सांगतो?"

तिनं ताट वाढलं, गॅस बंद केला आणि देहूला फोन लावला.

"आई, बाबांना आज घराबाहेर काढलं. त्यांनी तुला काढलं होतं तसंच, मारून."